रॅमेजचे नऊ

किर्कहेवनमध्ये दूध उतू गेले, भिंतीला लावलेली शिडी घसरली किंवा ठरलेले लग्न आठवडाभर आधी मोडले, की लोक म्हणत, "झालं, रॅमेज झालं." म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या ध्यानातही नसे की रॅमेज हे एका माणसाचे आडनाव आहे. ध्यानात असे ते त्या माणसाच्या मुलीच्या. इना रॅमेज बेकरीत पावाच्या रांगेत उभी असली आणि पुढच्या बाईच्या हातून अंडी निसटली, तर ती बाई सवयीने बोलून जाई, "बघा, केलं मी रॅमेज." मग दुकान गप्प होई. बाई मागे वळून म्हणे, "तुला नाही गं, इना."

"माहितेय," इना म्हणे. पाव घेऊन घरी जाई.

गाव आणि समुद्र यांच्या मधला रेताड, उंचसखल, आखूड गवताचा पट्टा म्हणजे लिंक्स. तिथे गोल्फ खेळायला लोक जगाच्या दुसऱ्या टोकाहून येतात, वर्ष वर्ष आधी पत्रे पाठवतात. गावकऱ्यांना मात्र जुन्या सनदेने तिथे खेळण्याचा हक्क आहे. त्यामुळे छपरे शाकारणारा माणूस आणि बँकेचा साहेब एकाच गवतावर खेळतात. एका छपराखाली बसत नाहीत एवढेच. साहेबलोकांचा क्लब दगडी इमारतीत, पहिल्या होलच्या मागे, समुद्राकडे मोठी खिडकी असलेला. कारागिरांचा क्लब दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत. आणि बायकांचा क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लाकडी खोली, तिच्यात एक शेगडी आणि सहा खुर्च्या. दगडी इमारतीच्या उंबऱ्याच्या आत बाईने पाऊल टाकायचे नाही, असा नियम होता. तो कुठे लिहून लावलेला नव्हता. लावायची गरजच पडली नव्हती.

सतराव्या होलच्या डाव्या अंगाला वाळूचा एक खड्डा आहे. पुरुषभर उंचीहून खोल, आणि निशाणाच्या बाजूची त्याची भिंत गवताच्या चौकोनी ढेपा विटांसारख्या एकावर एक रचून बांधलेली. त्याला रॅमेजचा खड्डा म्हणतात. मैदानाच्या नकाशावर तेच छापले आहे आणि हॉटेलात पाहुण्यांना विकायला ठेवलेल्या ताटपुसण्यांवरही तेच. रविवारी लिंक्सवर खेळ बंद असतो. चर्च सुटले की माणसे मुलाबाळांना घेऊन तिथे फिरायला जातात, खड्ड्याच्या काठावर थांबतात आणि मुलांना गोष्ट सांगतात. त्या वाटेने इना कधी गेली नाही. रविवारी ती बंदराच्या बाजूला फिरायला जाई, जिथे सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास असे आणि बोलायला कोणी नसे.

गोष्ट अशी होती. १९३४ च्या जूनमध्ये, बावीस तारखेला, शुक्रवारी, हौशी खेळाडूंची देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा किर्कहेवनला संपत होती. वॉल्टर रॅमेज, ज्याला गाव वॉटी म्हणे, घरांच्या छपरांवर स्लेटच्या फरशा बसवणारा माणूस. आठवडाभर कामावर खाडा करून तो खेळत होता आणि आपली काठ्यांची पिशवी आपणच वाहत होता. शेवटचे दोन होल राहिले तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. साहेबलोकांपैकी कोणी नव्हे, एक छपरे शाकारणारा पुढे होता. गाव दुकाने बंद करून लिंक्सवर लोटले. तेवढ्यात समुद्रावरून धुके आले, उन्हाळ्यात येते तसे, एका झटक्यात. दोरीमागच्या लोकांना काही दिसेना. वॉटीचा चेंडू सतराव्याच्या खड्ड्यात पडला एवढे कळले. मग बराच वेळ काहीच कळले नाही. मग धुक्यातून आकडा आला: नऊ फटके. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. सात झाले असते तरी एका फटक्याने तो जिंकला असता. नऊ झाले आणि तो एका फटक्याने हरला. चषक एडिनबर्गचा एक वकील घेऊन गेला.

इना सात वर्षांची होती. अठराव्याच्या कडेला आईचा हात धरून उभी होती. आईने तिचा हात सोडला तेव्हा बोटे पांढरी पडली होती, हे तिला आठवे. आई त्यानंतर चौदा वर्षे जगली आणि तेवढी वर्षे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. आधी त्यांचे बाक पुढून तिसरे होते. चिडली म्हणजे नवऱ्याला म्हणे, "चमच्याने वाळू उपसली असतीस तरी लवकर निघाला असता चेंडू."

वॉटी खांदे उडवी आणि जेवत राही.

पुढे पुढे असे झाले की त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभा नव्हता असा म्हातारा गावात उरला नाही. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी फटके मोजले होते. कोणी सांगे तो रडत होता, कोणी सांगे शेवटी त्याने चेंडू हाताने फेकला. धुके गोष्टीतून हळूहळू निघून गेले.

इना चौदाव्या वर्षी पर्डीच्या दुकानात लागली. तिथे गोल्फच्या काठ्या बनत. तिचे काम मुठी बांधायचे. कातड्याची ओली पट्टी काठीवर तिरकी, ताणून, एकसारखी गुंडाळत आणायची आणि टोकाला मेणाच्या दोऱ्याने आवळायची. तिने बांधलेली मूठ दहा वर्षे हलत नसे. तरी गिऱ्हाईक म्हणे, "रॅमेजच्या हातची मूठ आहे, सतराव्यापर्यंत टिकेल ना?" पर्डी हसे. गिऱ्हाइकासोबत हसणे हा त्याच्या धंद्याचा भाग होता. इना पट्टी ताणत राही.

वडिलांनी तिला खेळायला शिकवले. उन्हाळ्यात इथे उजेड फार उशिरापर्यंत रेंगाळतो. जेवण आटोपून दोघे आठ-दहा होल खेळून येत. काटेरी झुडपांना पिवळा बहर असे आणि ऊन उतरले तरी त्यांचा खोबऱ्यासारखा वास हवेत राही. वॉटी शिकवताना फार बोलत नसे. "डोकं खाली," म्हणे, किंवा "वारा ऐक."

ती सोळा वर्षांची असताना एका संध्याकाळी पाचव्या होलच्या खड्ड्यातून तिने एका फटक्यात चेंडू बाहेर काढला. खूश होती.

"किती?" वॉटीने विचारले. तो कार्डावर तिचे आकडे लिहीत होता.

"पाच."

त्याने लिहिले नाही. पेन्सिल हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

"पाच?"

"मारायच्या आधी काठी जरा वाळूला लागली. जराशीच. चेंडू हललासुद्धा नाही."

"मग सात. आधी वाळूला लागली की दोन दंडाचे."

"बाबा, इथे आहे कोण बघायला? आपण दोघंच तर आहोत."

"सात," तो म्हणाला आणि लिहिले.

इनाला राग आला. दिवसभर दुकानात काय काय ऐकले होते ते सगळे वर आले. ती म्हणाली, "तुम्ही मला शिकवताय? सतराव्यावर नऊ घेतलेत तुम्ही. सगळं गाव हसतं. मी रोज ऐकते."

वॉटी गवतावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सात घेतले होते," तो म्हणाला. "खाली उतरलो, वाळू ओली होती, पाय सरकला आणि काठी टेकली. धुकं होतं. कोणी पाहिलं नाही. वर आल्यावर दोन घालून सांगितले."

इनाने काठी गवतावर टाकली. मग म्हणाली, "मग सांगितलं का नाही कोणाला? आईला तरी?"

"काय सांगू? मी चोरी केली नाही, असं?" तो उठला. "असं सांगत फिरणाऱ्याचं मी स्वतः कधी खरं मानलेलं नाही. हे तुला कळावं म्हणून सांगितलं, इना. सांगत सुटावं म्हणून नाही. कळलं?"

"कळलं."

"चल. सहाव्याला वारा उजवीकडून आहे."

किर्कहेवनमध्ये ही समजूत एकट्या वॉटीची नव्हती. आपला दंड आपण सांगायचा आणि पुढे चालायला लागायचे. त्याचे कौतुक करणे म्हणजे समोरच्याकडून दुसरी काही अपेक्षा होती असे म्हणण्यासारखे. आणि आपले आपण सांगणे तर त्याहून वाईट. म्हणून इना गप्प राहिली. १९५७ च्या फेब्रुवारीत वॉटी छातीच्या आजाराने गेला, तेव्हा शवपेटीमागे चालताना एकाने दुसऱ्याला हळूच सांगितलेले तिने ऐकले, "या खड्ड्यात तरी एका फटक्यात गेला बिचारा." तेव्हाही ती गप्प राहिली. त्याआधी रॉबर्ट म्युअर नावाच्या होडीवाल्याशी तिचे लग्न जवळजवळ ठरले होते. त्याच्या आईने कुठेसे म्हटले की त्या घरात सगळे शेवटच्या क्षणी फिसकटते, आणि मग ते खरोखरच फिसकटले. तेव्हाही ती गप्प राहिली.

खेळ मात्र तिने सोडला नाही. दर गुरुवारी दुपारी दुकान अर्धा दिवस बंद असे. तेव्हा ती आणि एल्स्पेथ टुलक अठरा होल खेळत. एल्स्पेथ पोस्टमनची बायको, आडव्या बांध्याची, तोंडाची फटकळ. दोघी चाळीस वर्षे एकमेकींची कार्डे लिहीत आल्या. आपले कार्ड आपण लिहायचे नसते. सोबतचा खेळाडू लिहितो, शेवटी दोघांच्या सह्या होतात. आणि सही झाली की आकडा दगडावर कोरल्यासारखा.

"काय गं, चार का पाच?" एल्स्पेथ विचारी.

"पाच."

"मी चारच मोजले."

"चेंडूला पाय लागला गवतात."

"तुझा पाय नुसता कटकट्या आहे," एल्स्पेथ म्हणे आणि पाच लिही.

१९८३ च्या ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी, साहेबलोकांच्या क्लबचे चिटणीस मेजर क्रायटन पर्डीच्या दुकानात आले. पर्डी जाऊन आता त्याचा मुलगा गल्ल्यावर बसत होता आणि काठ्या कारखान्यातून येत होत्या. पण जुन्या मुठी बांधून द्यायला इना अजून आठवड्यातून चार दिवस येई. मेजर मऊ बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. ते खुर्चीवर बसले नाहीत. हातमोजे काढून हातात धरले.

"मिस रॅमेज, पुढच्या जूनमध्ये स्पर्धा पुन्हा आपल्याकडे येतेय. पन्नास वर्षांनी."

"ऐकलंय."

"टेलिव्हिजनवाले येणार. समितीची कल्पना अशी आहे की सतराव्याच्या खड्ड्यापाशी एक पितळी पाटी बसवावी. फार काही नाही. 'इथे १९३४ साली वॉल्टर रॅमेज यांनी नऊ फटके घेऊन विजेतेपद घालवले.' लोकांना आवडतं असं काहीतरी. पाटीवरचं कापड तुम्ही ओढावं, अशी विनंती आहे. गमतीचा भाग म्हणून."

इनाच्या हातात अर्धी गुंडाळलेली पट्टी होती. ती सोडली तर सगळी उलगडते; आजवर तिने मधेच कधी सोडली नव्हती. तिने ती सोडली.

"सात घेतले होते त्यांनी," ती म्हणाली. "दोन दंडाचे होते. काठी वाळूला टेकली. त्यांनी आपणहून सांगितलं."

मेजरांनी हातमोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "हे मी कधी ऐकलं नव्हतं."

"कोणीच ऐकलेलं नाही."

"तसं असेल तर पाटीवरचा मजकूर बदलावा लागेल, अर्थात. मात्र काहीतरी आधार हवा. तुम्ही समजू शकता."

"कार्ड असेल ना तुमच्याकडे?"

"त्या स्पर्धेची सगळी कार्डं आहेत. चषकांच्या खोलीत, खणात. मी पाहतो, मिस रॅमेज."

तो आठवडा इनाच्या आयुष्यातला विचित्र आठवडा होता. चाळीस वर्षे छातीवर ठेवलेले ओझे उतरले होते आणि चालताना तोल जात होता. रात्री तिला झोप लागे. सकाळी भाजलेला हॅडक मासा खाताना ती स्वतःशी पाटीचा नवा मजकूर रचे, शब्द कमी करे. वडिलांना न आवडणारा एकही शब्द त्यात राहू नये असे तिला वाटे. तो शब्द कोणता हे ती स्वतःला विचारत नव्हती.

मेजरांचा निरोप आला तेव्हा पाऊस पडत होता. ती क्लबच्या पायऱ्यांपाशी गेली. ते आतून आले, दार मागे लोटून घेतले आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली. आत शेकोटी पेटलेली होती; दार लागेपर्यंत तिची ऊब तिच्या चेहऱ्यावर आली. कार्ड त्यांनी एका लिफाफ्यातून काढले. पिवळे पडले होते, घडीवर झिजले होते. खाली वडिलांची सही, कडक, छपरावर खडूने मारलेल्या रेघेसारखी. शेजारी दुसरी सही: ए. गिल्क्रिस्ट. बँकेतल्या माणसाचे वळणदार अक्षर.

सतराव्याच्या चौकटीत लिहिले होते: ९.

बाकी काही नव्हते. सात अधिक दोन नव्हते, फुली नव्हती, टीप नव्हती.

"कार्डावर एकूण आकडाच लिहितात," मेजर म्हणाले. "तुम्हाला माहीत आहेच."

तिला माहीत होते. दर गुरुवारी, चाळीस वर्षे, ती तेच करत आली होती. एल्स्पेथचा चेंडू ओढ्यात गेला की दंड मिळवून जो आकडा होई तो लिहायचा. कसा झाला ते लिहायला कार्डावर जागाच नसते. हे जगात ज्यांना नक्की ठाऊक असायला हवे अशा माणसांपैकी ती एक होती. तरीही तिला वाटले होते की त्या एका कार्डावर काहीतरी असेल.

"मिस्टर गिल्क्रिस्ट अजून आहेत," मेजर म्हणाले. "त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या तर समितीला पुरेसं होईल. त्याशिवाय मला काही करता येणार नाही."

छत्रीतून ती बाहेर पडायच्या आधीच बातमी बहुधा दुसऱ्या दाराने बाहेर पडली होती. शनिवारी बिसेटच्या मासळीच्या दुकानात तिच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाला बिसेटने हॅडक तोलून दिला.

"नऊ औंस," बिसेट म्हणाला.

"सातच आहे रे. दोन तू आपणहून घातलेस."

लोक हसले. मग इना दिसली आणि या वेळी कोणी मागे वळून "तुला नाही गं" म्हटले नाही. पूर्वीच्या हसण्यात थोडी माया होती, आपल्याच माणसाच्या फजितीची असते तशी. आता ती नव्हती. वॉटी रॅमेज शेवटी घाबरला हे गावाने माफ केले होते. पण तो घरी जाऊन लेकीला आपल्या खरेपणाची गोष्ट रचून सांगत होता, हे गाव माफ करणार नव्हते.

एल्स्पेथ गुरुवारी पत्र्याच्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "खरं आहे का ते?"

"खरं आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"कोणालाच बोलले नव्हते."

"त्या मेजरला बोललीस. हातमोजे घालून आलेल्या माणसाला. मी तुझ्याबरोबर चाळीस वर्षं गारांत खेळले, इना. तुझ्या बापाचे नऊ कधी तोंडावर आणले नाहीत. हसू आलं तर घरी जाऊन हसले." तिने नाडी जोरात ओढली. "आता मी काय म्हणू लोकांना?"

"तुला खरं वाटतं का?"

एल्स्पेथने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. इनाला तेवढा वेळ पुरला.

ॲलन गिल्क्रिस्ट टेकडीवरच्या घरात राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त, एकदा क्लबचे कप्तान झालेले. शब्दाचा माणूस म्हणून गावात त्यांचा मान होता. १९३४ साली शेवटच्या दिवशी ते वॉटीच्या जोडीला खेळत होते, जिंकण्याच्या शर्यतीबाहेर, आणि त्याचे कार्ड लिहीत होते. घरकाम करणाऱ्या बाईने इनाला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवले. खिडकीतून सगळे लिंक्स दिसे, अगदी सतराव्यापर्यंत.

"ये, पोरी," ते म्हणाले. ती छप्पन्न वर्षांची होती. "तुझ्या बापासारखी चालतेस. टाचा जोरात टेकवत."

"तुम्हाला आठवतात?"

"त्या दिवशी त्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता, कोपरावर हिरव्या लोकरीने रफू केलेला. पूर्वेचा वारा पडला आणि धुकं आलं. सोळाव्यावर त्याने मला अर्धं मटण पॅटिस दिलं, कागदात बांधलेलं. मी तोपर्यंत छपरं शाकारणाऱ्या माणसाबरोबर कधी जेवलो नव्हतो."

चहा आला. सोबत स्कोन, गोडसर छोटे पाव, आले. तिने हात लावला नाही.

"मी कशासाठी आले ते तुम्हाला कळलं असेल."

"सगळ्या गावाला कळलंय."

"सात होते ना?"

गिल्क्रिस्टनी घरकामाच्या बाईला हाक मारून दार लावून घ्यायला सांगितले. ते लागेपर्यंत थांबले.

"मी वर कडेला होतो. मला त्याची टोपी तेवढी दिसत होती. तीन फटक्यांत बाहेर आला. होल संपल्यावर मी म्हटलं, 'सात.' तो म्हणाला, 'नऊ लिहा, मिस्टर गिल्क्रिस्ट. काठी टेकली माझी.' मी म्हटलं, 'मी पाहिलं नाही.' तो म्हणाला, 'तुम्ही नाही, मी पाहिलं. आणि यावर पुढे कधी बोलणं नको.' मी शब्द दिला. मग लिहिले."

इनाने कप खाली ठेवला. दुसऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना तिला आपले वडील पुन्हा एकदा, धडधाकट, टोपी घातलेले दिसले. तिला वाटले, एवढ्यासाठी आयुष्य गेले तरी चालेल.

"मग एवढंच मेजरना लिहून द्या. दोन ओळी."

"नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

"ते जाऊन सव्वीस वर्षं झाली."

"म्हणून तर. तो असता तर त्याच्याकडून सोडवून घेतला असता. आता कोणाकडे मागू?"

"लोक त्यांना खोटारडा म्हणतायत, मिस्टर गिल्क्रिस्ट."

"ते तू बोललीस म्हणून, पोरी. आधी नुसते हसत होते." त्यांचा आवाज कठोर नव्हता, हिशेबात चूक दाखवणाऱ्या माणसाचा होता. "तुलाही त्याने बोलू नको असंच सांगितलं असणार. आपल्या दोघांपैकी एकाने तरी ते पाळायला नको का?"

खाली लिंक्सवर दोन माणसे सतराव्याकडे चालत होती. इना त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला सोपं होतं," ती म्हणाली. "तुमच्या नावाचा खड्डा नाही."

"नाही," गिल्क्रिस्ट म्हणाले. "सोपं होतं हे खरं आहे." त्यांनी स्कोनची ताटली तिच्याकडे सरकवली. ती उठली, कोट घातला, आणि त्या बाईने दार उघडायची वाट न बघता बाहेर आली.

वीस जून १९८४, बुधवारी, पाटी बसली. मजकूर मेजरांनी आधी सांगितला होता तोच. कापड क्लबच्या कप्तानांनी ओढले. इनाने नकार कळवला होता, पण ती आली होती. दोरीच्या अलीकडे, लोकांत, कोटाचा कॉलर वर करून. गिल्क्रिस्टना खुर्चीवर बसवून आणले होते, त्या दिवसाचा एकमेव जिवंत साक्षीदार म्हणून. टेलिव्हिजनच्या माणसाने त्यांच्यापुढे वाकून विचारले, "सर, गावात ऐकलं की रॅमेज यांनी सातच घेतले होते, असंही काही लोक म्हणतात. तुम्ही तर तिथे होता. किती होते?"

गिल्क्रिस्टनी समुद्राकडे पाहिले.

"कार्डावर नऊ आहेत," ते म्हणाले. "सही माझी आहे."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. गिल्क्रिस्ट हसले नाहीत. त्यांची नजर दोरीवरून फिरत इनापाशी आली आणि तिथून पुढे गेली. पुढच्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात आले त्यात लिहिले होते की त्यांचा शब्द म्हणजे शब्द असे.

पाटी बसल्यानंतरच्या गुरुवारी एल्स्पेथने नेहमीप्रमाणे खिशातून दोन कोरी कार्डे काढली आणि एक इनापुढे धरले.

"मला नको," इना म्हणाली.

"म्हणजे?"

"मी नुसती खेळते. तुझं लिहिते, हवं तर."

"असं कुठे असतं? तुझं मी लिहायचं, माझं तू. एकीचं कार्ड आणि दुसरीचं नाही, त्याला अर्थ काय?"

"मग नको."

एल्स्पेथ पहिल्या होलवर कार्डे हातात धरून उभी राहिली. वाऱ्याने ती फडफडत होती. "तू वेडी आहेस," ती म्हणाली. तरी त्या दिवशी अठराही होल ती तिच्याबरोबर खेळली, आणि पुढचे दोन गुरुवारही. मग तिने बेकरीतल्या मिसेस ड्यूरीला सोबत घेतले, कारण स्पर्धेत नाव राहायचे तर कार्ड भरावेच लागते आणि ते दुसऱ्या कोणीतरी लिहावे लागते. ती तसे सांगायला इनाच्या घरी आली होती, सोबत जवाच्या पिठाची भाकर घेऊन. दोघी बराच वेळ हवेविषयी बोलल्या.

पुढच्या वसंतात बायकांच्या क्लबचे पत्र आले. गेल्या जूननंतर एकही सही केलेले कार्ड न आल्यामुळे नियमाप्रमाणे आपले नाव यादीतून काढण्यात येत आहे, समितीला खेद वाटतो. खाली सही एल्स्पेथची होती. त्या वर्षी चिटणीस तीच होती.

इनाने पत्र वाचून खणात ठेवले. त्या दुपारी ती एकटीच लिंक्सवर गेली. सनदेचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नव्हते. सतराव्यावर तिचा चेंडू डावीकडे वळला आणि खड्ड्यात गेला. पाटीजवळ दोन परदेशी पाहुणे फोटो काढत होते. ते बाजूला झाले आणि एकाने आदबीने विचारले, "काठावर उभं राहिलं तर चालेल का?"

"चालेल," ती म्हणाली आणि भिंतीला धरून खाली उतरली. वर त्या दोघांनी तिचे फटके मोजायला सुरुवात केली होती. ते तिला ऐकू येत होते. तिने स्वतः मोजले नाहीत.